दोनदा सांगितलं होतं

माझी बायको नर्स आहे. नाशिकमधल्या एका खासगी दवाखान्यात तिने आठ वर्षं काढली आणि मग आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. ती गेली तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. दोनेक वर्षांत आपण सगळेच तिकडे जाऊ, असं ठरलं होतं. तोवर मुलीला घेऊन मी सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायचं.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे, आवक-जावक बघतो. आईवडील इगतपुरीला असतात. वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून आईला तिथून हलता येत नाही. सासूबाई अधूनमधून यायच्या, पण त्यांच्या घरी मुलाचं लग्न ठरत होतं. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. वेणी घालायला मी शिकलो. पोळ्या कधी जमल्या नाहीत, भाकरी मात्र जमली. सकाळी मुलीला गल्लीतल्या पाळणाघरात सोडायचं, संध्याकाळी आणायचं, जेवण झालं की तिच्या आईशी व्हिडिओवर बोलायचं. लोकांना वाटायचं, मला घरातली कामं जड जात असतील. तसं नव्हतं. घरात आमचं बरं चाललं होतं. मला धास्ती असायची ती तिला घेऊन बाहेर पडायची.

लहान मुलगी घेऊन एकट्या बापाने बाहेर पडणं म्हणजे काय, हे मला आधी ठाऊक नव्हतं. साधी लघवीची गोष्ट घ्या. बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही आणि पुरुषांच्या बाजूला तिला न्यावंसं वाटत नाही. एसटी स्टँडवर मी दाराशी उभा राहून आत जाणाऱ्या अनोळखी बायकांना विचारायचो, ‘ताई, हिला जरा नेता का?’ काही जणी न्यायच्या. काही जणी माझ्याकडे न बघता पदर सावरत पुढे जायच्या. त्यांची चूक नाही, पण माझा चेहरा पडायचाच.

शिवाय मूल म्हटलं की सांडलवंड आलीच. रसवंतीत तिच्या हातून उसाच्या रसाचा अख्खा ग्लास शेजारच्या माणसाच्या पिशवीत गेला. चपलांच्या दुकानात तिने खालचा खोका ओढला आणि वरची चळत कोसळली. दर वेळी लोक आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे आणि मग माझ्या मागे, आजूबाजूला, जणू आणखी कोणीतरी असायला हवं होतं. मग प्रश्न यायचा, ‘हिची आई कुठंय?’ सुरुवातीला मी खरं सांगायचो. पण आयर्लंड म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. एक बाई तर मुलीच्या देखत म्हणाल्या, ‘एवढीशी पोर टाकून?’ त्यानंतर मी ‘बाहेरगावी गेलीय’ एवढंच सांगू लागलो.

मुलगी चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याचं लग्न होतं. बायकोला रजा मिळाली नाही. पण नवरीची साडी तिला स्वतः निवडायची होती. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. धाकट्या भावाच्या नवरीला ती साडी आपल्या हातची असावी, असं तिच्या फार मनात होतं. तेव्हा ठरलं असं की एका रविवारी दुपारी मी मेन रोडवरच्या दुकानात जायचं आणि तिने फोनवरून बघून साडी पसंत करायची. आपल्याकडे दीड वाजतो तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. ती रात्रपाळी संपवून बसस्टॉपवर आलेली असणार होती.

दुकान वरच्या मजल्यावर होतं. चपला खाली काढायच्या, वर पांढऱ्याशुभ्र चादरीची लांबच लांब गादी. आमच्या शेजारी एका मोठ्या लग्नाचा बस्ता चालला होता. चांदवडकडची मंडळी होती, दहा-बारा जणं. त्यांच्यापुढे साड्यांचा ढीग झाला होता. दुकानदाराने सगळ्यांसाठी आंब्याच्या थंड बाटल्या मागवल्या, त्यांच्याबरोबर आम्हालाही दिल्या. मुलीने तिची बाटली संपवली आणि माझीही अर्धी प्यायली.

बायकोचा फोन आला. अंगात जाड जाकीट, डोळ्यांखाली जागरण, पण चेहरा उजळलेला. मी फोन साड्यांसमोर धरला. विक्रेता हौशी होता. तोही फोनकडे बघून बोलू लागला, ‘मॅडम, हा काठ बघा, हा उन्हात बघा.’ ती म्हणत होती, ‘अहो, जरा जवळ घ्या. तो नको, फार झगझगीत आहे. त्याच्या खालची बघू.’ मुलगी माझ्या मांडीला टेकून बसली होती. मधेच फोनमध्ये तोंड घालून ती म्हणाली, ‘आई, मला पण पांढरी.’ आई हसली. विक्रेता हसला. मीही हसलो. वर्षभराने पहिल्यांदाच आम्ही तिघं मिळून खरेदीला आलो आहोत, असं मला वाटलं.

मुलीने माझी बाही ओढली. ‘पप्पा, सू.’

‘दोन मिनिटं थांब हं. आई बोलतेय ना?’

विक्रेत्याने आणखी एक साडी उलगडली. बायकोने काठ पुन्हा दाखवायला सांगितला. मुलगी पुन्हा म्हणाली, ‘पप्पा, सू आली.’

‘अगं हो, झालंच.’

मी उठलो नाही. उठलो असतो तर फोन ठेवावा लागला असता, खाली जाऊन जागा शोधावी लागली असती, कोणत्या तरी बाईला विनवावं लागलं असतं. तोवर बायकोची बस आली असती. तेवढा वेळ मला मोडवला नाही.

मग शेजारून एक बाई ओरडली, ‘अगं बाई, उचला, उचला! साड्या उचला!’

मुलगी उभी होती. फ्रॉकखालून ओघळ वाहून पांढऱ्या चादरीवर पिवळट डाग पसरत चालला होता. तो आमच्या साड्यांकडे आला नाही, उतार धरून शेजारच्यांच्या ढिगाकडे गेला. त्यांच्या एका हिरव्या काठपदराच्या साडीचं टोक भिजलं. एकदम सगळे उठले. कोणी ढीग छातीशी धरला, कोणी पाय वर घेतले. एका तरुण मुलीने नाकाला रुमाल लावला. पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. बस्त्यातला एक जाडसर गृहस्थ, बहुधा नवऱ्या मुलाचा मामा असावा, मोठ्याने म्हणाला, ‘शुभकार्याची साडी हे राव! कोणाची पोर ही? आई कुठंय हिची?’

गल्ल्यावरून दुकानदाराचा गोड आवाज आला, ‘असू द्या साहेब, लहान मूल आहे.’ आणि लगेच नोकरांना जरा वरच्या आवाजात, ‘सगळी चादर काढा. त्या साड्या बाजूला ठेवा.’

माझ्या हातातल्या फोनमधून बायको विचारत होती, ‘अहो, काय झालं? काय झालं तिला? मला दाखवा ना. बाळा?’

सगळ्यांनी तो आवाज ऐकला. सगळे माझ्या हाताकडे बघू लागले. आणि मी फोन कट केला.

मग मी मुलीचा दंड धरला आणि म्हणालो, ‘लाज नाही वाटत? एवढी मोठी झालीस!’

असं मी तिला कधीच बोललो नव्हतो. आवाजही माझा वाटला नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य मी त्या मामांना ऐकवत होतो, रुमाल लावलेल्या मुलीला ऐकवत होतो. माझ्या पोरीला वळण आहे, घरात तिला बोलणारं कोणी आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. ती रडली नाही. मान खाली घालून आपल्या ओल्या पायांकडे बघत उभी राहिली.

त्या मंडळींत एक म्हातारी होती, हातात जाड पाटल्या, डोक्यावर पदर. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आमच्याकडे आली. ‘अवो दादा, लेकरू हे ते. त्याला कशाला बोलता? द्या माझ्याकडं, मागं नळ असंल, मी धुती तिला.’ तिने हात पुढे केला. मुलीने तिच्याकडे बघितलं, एक पाऊल टाकलंही.

‘नको, मी बघतो,’ मी म्हणालो. इतक्या तुटकपणे म्हणालो की म्हातारीने हात मागे घेतला. तेवढ्या सगळ्या माणसांत एकच हात पुढे आला होता. मी तो परत पाठवला.

मामा म्हणाले, ती हिरवी साडी आता त्यांना नको. मी दुकानदाराला म्हटलं, मला बांधून द्या. पांढरी साडी तिथेच राहिली. आम्ही खाली उतरलो. तिची चप्पल सापडेना, मग सापडली. एप्रिलचं ऊन होतं. ती स्कूटरवर पुढे उभी होती आणि मुंबई नाक्याला पोचेपर्यंत तिचा फ्रॉक वाळला होता.

सिग्नलला तिने मागे न बघता विचारलं, ‘आईने पाहिलं?’

‘नाही.’

‘ऐकलं?’

‘नाही गं. फोन कट झाला होता.’

संध्याकाळी बायकोने विचारलं तेव्हा मी तिलाही तेच सांगितलं. दुकानात रेंज गेली, म्हटलं. मुलगी पडली होती जराशी, लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, ‘बरं.’

नवरीची साडी शेवटी सासूबाईंनी घेतली. हिरवी मी आईला नेऊन दिली. मुलाने कधी नव्हे ते साडी आणली म्हणून ती इतकी हरखली की मी काही बोललो नाही. धुऊन घे, एवढं सांगितलं.

पण घरात काहीतरी बिघडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बायकोचा फोन वाजला की मुलगी नाहीशी व्हायची. आधी पलंगाखाली, मग दाराच्या मागे, मग मोरीत. मी म्हणायचो, ‘ये गं, आई आहे.’ ती आतून म्हणायची, ‘मी झोपलेय.’ मी फोन घेऊन तिच्याकडे गेलो की ती दोन्ही हातांनी तोंड झाकायची. लग्नाच्या दिवशी विहारात बायकोचा फोन हातोहात फिरत होता. मावश्या, आत्या, सगळ्या तिला नवरा-नवरी दाखवत होत्या. मुलगी शेवटच्या रांगेत खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिला बोलावलं तर उठून बाहेर चपलांच्या ढिगापाशी गेली.

बाहेर पडायचं म्हटलं की ती तीन-तीनदा मोरीत जाऊन यायची. बाहेर पाणी पिईना. उन्हातान्हात ओठ सुकलेले, पण बाटली पुढे केली की मान हलवायची. मग मीच बाहेर पडणं कमी केलं. रविवार आम्ही घरातच काढू लागलो. ती फरशीवर चित्रं काढायची, मी पलंगावर पडून पंखा बघायचो. शेजारी कोणाकडे पाहुणे आले की भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे.

एकदा बायको म्हणाली, ‘ती मला विसरतेय का हो?’

‘छे. लहर आहे मुलांची.’

‘मग येत का नाही समोर?’

मला कारण ठाऊक होतं. ते सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, ‘होईल नीट.’ ती फोन ठेवायची आणि मी बंद फोन हातात घेऊन बसून राहायचो. तिकडे तीही तशीच बसत असेल, हे मला कळत होतं. मोरीच्या दारामागे मुलगी असायची. तीन माणसं आणि तिघं तीन ठिकाणी.

जुलैत वडिलांची तब्येत बिघडल्याचं कळलं म्हणून शनिवारी दुपारी मुलीला घेऊन मी इगतपुरीची एसटी धरली. तीन जणांच्या बाकावर मुलगी खिडकीशी, मी मध्ये, आणि माझ्या शेजारी एक तरुण बाई मांडीवर सात-आठ महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती. तीही एकटीच होती. रस्त्याला खड्डे होते, काचा लावलेल्या, आत कोंदट झालं होतं. घोटीच्या अलीकडे बाळ चुळबुळलं आणि त्याने भळकन ओकारी केली. माझी डावी मांडी, चपलेतला पाय, सगळं दुधाने भरलं.

ती बाई पांढरीफटक पडली. ‘सॉरी दादा, सॉरी, सॉरी,’ म्हणत ती ओढणीने माझी पँट पुसू लागली. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, ‘खिडकीपाशी बसायचं ना मग.’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘प्रवासाआधी पाजतात कशाला?’ तिने बाळाची पाठ थोपटली, मग उगाचच त्याच्या पायावर एक चापटी मारली. तेवढीशी चापटी. ती कोणासाठी होती, मला लगेच कळलं.

मी म्हटलं, ‘अहो ताई, होतं असं. लेकरू आहे. तुम्ही आधी त्याचं तोंड पुसा.’ पिशवीत मुलीचे जादा कपडे आणि टॉवेल होता. टॉवेल मी तिला दिला, बाळाला जरा वेळ मीच धरलं. त्याने माझ्या शर्टाचं बटण पकडलं आणि शांत झालं. ती बाई घोटीला उतरली. उतरताना टॉवेल परत द्यायला लागली. मी म्हटलं, असू द्या.

गाडी सुटल्यावर मुलगी बराच वेळ माझ्या ओल्या पँटकडे बघत होती.

‘पप्पा, तू त्या बाळाला ओरडला नाहीस.’

‘ते लहान आहे ना.’

‘मी पण लहान होते.’

चार वर्षांची मुलगी ‘होते’ म्हणाली. एप्रिल ते जुलै, एवढ्यात ती मोठी झाली होती. तिने काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘आणि मी सांगितलं होतं तुला. दोनदा सांगितलं होतं.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी होती, तुझी नव्हती.’

‘मग आईला सांग.’

‘काय सांगू?’

‘की मी सांगितलं होतं.’

एवढंच होतं ते. आपण गादी ओली केली, याचं तिला फार काही नव्हतं. आपण न सांगता केली, असं आईला वाटत असेल, या विचाराने ती तीन महिने लपत होती. आणि मी तिला सांगितलं होतं की आईने पाहिलं नाही, ऐकलं नाही. तिने त्यावर एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता.

वडील बरे होते, ताप उतरला होता. घराच्या पडवीत तेवढी रेंज येते. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून मी बायकोला फोन लावला. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मला ओरडूनच बोलावं लागलं. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, फोनमध्ये दिसणार नाही अशी.

‘ऐक,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी दुकानात रेंज गेली नव्हती. मीच फोन कट केला. हिला लघवी झाली होती गादीवर. तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी उठलो नाही.’

मला वाटलं, आता खरंच रेंज गेली. मग ती म्हणाली, ‘मला माहितीये. मी ऐकलं होतं.’

‘काय?’

‘ती सू म्हणाली ते. दोन्ही वेळा ऐकलं. मीही काठच बघत बसले. मला वाटलं, तेवढ्यात बस येईल आणि राहून जाईल.’

चौकटीपाशी हालचाल झाली. मुलगी आली, माझ्या गुडघ्यावर चढली आणि फोन दोन्ही हातांत धरून अगदी तोंडाजवळ नेला. ‘आई, तू ऐकलंस?’

‘हो गं राणी.’

‘मग पप्पाला का नाही सांगितलंस, उठ म्हणून?’

‘चुकलं माझं,’ आई म्हणाली.

मग मुलीने आईला बसमधल्या बाळाची सगळी हकीकत सांगितली, ओकारीसकट, अगदी रंगवून. दहा-पंधरा मिनिटं बोलत होती. तीन महिन्यांचं साचलेलं बोलली. मग आतून आजीने भजी तळायला घेतल्याचा वास आला आणि फोन माझ्या हातात देऊन ती आत पळाली.

आम्ही दोघं राहिलो. मी विचारलं, ‘त्या दिवशी फोन कट झाल्यावर काय केलंस?’

ती म्हणाली, ‘बसस्टॉपवरच बसले. तुम्ही परत कराल असं वाटत होतं. एक बस गेली, दुसरी गेली. रडत होते मी. शेजारी तीन-चार माणसं उभी होती. एका बाईने पिशवीतून कागदी रुमाल काढून दिला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. इकडे असंच असतं, कोणी काही विचारत नाही. मला वाटत होतं, कोणीतरी विचारावं. एक शब्द विचारला असता तरी सगळं सांगून टाकलं असतं मी. मग तिसरी बस आली, तिच्यात बसले.’

‘मी करायला हवा होता फोन.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘करायला हवा होतात.’

पावसाच्या आवाजात पुढे काही नीट ऐकू येईना. तिची ड्युटीची वेळही होत आली होती. ती अजून तिकडेच आहे. आमच्या व्हिसाची कागदपत्रं दोनदा परत आली, आता तिसऱ्यांदा पाठवली आहेत. मुलगी शाळेत जाऊ लागली आहे आणि आईशी रोज इतकं बोलते की मला मध्ये बोलायला जागा राहत नाही. त्या संध्याकाळी मात्र फोन ठेवल्यावर मी लगेच आत गेलो नाही. आत आजी-नातीचं हसणं चाललं होतं, वडील खोकत होते, आई हाक मारत होती. मी ‘आलो’ म्हणालो आणि आणखी थोडा वेळ पडवीत तसाच बसून राहिलो.